गेटवेला ऑल-टेरेन टायर : कातळ, चिखल आणि अणुस्कुरा, तिन्ही एकाच टायरात?

कातळसडा

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात सड्यावर आमची कलमं आहेत, दोनशेच्या वर. गाडी जुनी स्कॉर्पिओ गेटवे पिकअप, फोर बाय फोर, मी तिसरा मालक. टायर २४५/७५ आर१६. आधीच्या मालकाने साधे रस्त्याचे टायर चढवले होते, ते आता पार गोटा झालेत. पावसाआधी बदलायचेत. चार टायरांना साठ-पासष्ट हजार काढून ठेवलेत, त्यापुढे गेलं तर घरात महाभारत.

गाडी कुठे फिरते ते सांगतो, म्हणजे नुसतं ‘अमुक ब्रँड भारी’ असं उत्तर येणार नाही. डांबरी सोडली की बागेपर्यंत दीड किलोमीटर वाट. पहिला तुकडा उघडा कातळ. मग चाळीसेक मीटरची घाटी, लाल मातीची, पावसात साबण. खाली वहाळ, त्याला घोटाभर पाणी. तुम्ही म्हणाल पावसात कशाला जाता? तर जूनमध्ये कलमांना खत आणि जुलै-ऑगस्टमध्ये कल्टार (मोहोरासाठी मुळाशी घालायचं औषध), ही दोन्ही कामं ऐन पावसातलीच. नोव्हेंबरपासून फवारण्या, तेव्हा हौद्यात पाचशे लिटरची टाकी, पंप आणि दोन गडी. मार्च ते मे आंबा, आणि आठवड्यातून एकदा तरी अणुस्कुरा घाट चढून कोल्हापूर.

गेल्या वर्षीचा हिशेब: दोन टायर कातळावर गेले. दोन्हींची बाजू चिरली, एकाची तर बोटभर. पंक्चरवाल्याने हात जोडले. आणि एकदा घाटीत गाडी आडवी सरकून गडग्याला टेकली. चिरे माझेच, पत्रा पण माझाच.

इथला एक दुकानदार म्हणतो, तुमची साईज मिळत नाही, २३५/७० घाला, काही फरक पडत नाही. दुसरा म्हणतो, सरळ बटण टायर (मोठ्या गट्ट्यांचे मड-टेरेन) घाला. तिसऱ्याकडे मी गेलोच नाही. ऑल-टेरेन (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचा) घेतला तर कातळ आणि घाटी दोन्ही सुटतील का? की नुसती नक्षी दिसायला?

चारबायचार

दादा, एवढा चिखल म्हटल्यावर ऑल-टेरेनमध्ये वेळ घालवू नका, मड-टेरेन टाका, विषय संपला. आम्ही लोणावळ्याच्या मागे दर पावसाळ्यात जातो, तिथे ए/टीवाल्यांना (म्हणजे ऑल-टेरेन) दोरीने ओढून काढतो. आणि साईज वाढवा. दोन इंच लिफ्ट केली की गाडी काय दिसते!

कातळसडा

दिसायला चांगली हवी असती तर आधी डेंट काढला असता राव. लिफ्ट केली तर टाकी वर चढवायला गडी माझ्याकडे अजून एक शिडी मागतील.

हवा_बत्तीस

भाऊ, कऱ्हाडला अठ्ठावीस वर्षं टायरचं दुकान चालवलं, आता पोरगा बघतो. सावकाश वाचा, थोडं लांबणार आहे.

आधी त्या २३५/७०चा निकाल लावू. टायरवरचा पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के उंची. तुमचा २४५ चा ७५ टक्के म्हणजे जवळजवळ १८४. त्याची दुप्पट, अधिक १६ इंची रिमचे ४०६, झाले ७७४ मिलिमीटर. दुकानदार देतोय तो भरतो ७३५. म्हणजे गाडी १९ मिलिमीटर खाली बसली. कातळावर तुम्हाला एकेक मिलिमीटर हवाय आणि हा बाबा पाऊण इंच काढून घेतोय. वर काटा शंभर दाखवील तेव्हा गाडी पंच्याण्णवने पळत असेल. ‘काही फरक पडत नाही’ म्हणजे त्याला फरक पडत नाही, माल त्याच्याकडे पडून आहे.

तुमची साईज खरंच कमी मिळते. जून २०२० पासून बाहेरच्या टायरांच्या आयातीवर सरकारी निर्बंध आले, त्यानंतर अशा अडनिड्या साईज आणखी दुर्मिळ झाल्या. न मिळाल्यास २६५/७० आर१६ बघा. तो ७७७ भरतो, तुमच्यापेक्षा फक्त तीन मिलिमीटर जास्त, काटा हलत नाही. पण त्याला किमान ७ इंच रुंद रिम लागते. चाक काढून रिमवर कोरलेला आकडा वाचा. साडेसहा असेल तर विषय सोडा. ७ असली तरी चाक पूर्ण वळवून कुठे घासत नाही ना, बघा.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही विचारताय नक्षीचं, आणि तुमचे टायर मेलेत बाजूने. नक्षी कितीही दणकट असली तरी जांभ्याची कड बाजूत घुसली की खेळ खलास, आणि बाजूला पडलेली चीर कोणी शहाणा माणूस जोडून देत नाही. दुकानात गेलात की नक्षीवरून हात फिरवू नका, बसा खाली आणि टायरच्या बाजूवरची बारीक अक्षरं वाचा. तिथे ट्रेडला किती पदर आणि साइडवॉलला (म्हणजे बाजूला) किती पदर ते छापलेलं असतं. बऱ्याच ए/टींना साइडवॉलला दोनच पॉलिस्टरचे पदर असतात, वरून नक्षी मात्र रानटी. काहींना तीन असतात. बीएफगुडरिचच्या केओ२ चे एलटी (लाइट ट्रक, म्हणजे जड कामाचे) टायर तसे आहेत, पण ते महाग. ‘१० प्लाय’ म्हणजे दहा पदर असं कोणी सांगितलं तर मान हलवा आणि पुढे चला, ते नुसतं ताकदीचं रेटिंग आहे.

दुसरं, तुमच्या साईजमध्ये दोन जाती. साध्या २४५/७५ आर१६ वर १११ लिहिलेलं असतं, म्हणजे एका टायरला १०९० किलो. दुसरा एलटी, त्यावर १२०/११६, आणि एका चाकाला १३८० किलो असं छापलेलं. तुम्हाला एलटी घ्या म्हणेन. त्याची चण जाड, कातळाला तोच पुरतो.

पण इथेच माझ्या दुकानात निम्मी गिऱ्हाइकं फसायची. एलटीचे ते १३८० किलो ८० हवेवर (पीएसआय) मोजलेत. ३५ हवेवर तोच टायर जेमतेम ७७० उचलतो, ५० वर हजार. टाकी, पंप, गडी धरून तुमच्या मागच्या एका चाकावर आठशेच्या वर वजन येत असणार. म्हणजे भारी टायर घेतला, हवा मात्र जुन्या सवयीने बत्तीस ठेवली, तर आधीच्या स्वस्त टायरापेक्षा तो कमी वजन पेलतोय. घाटात तापतो, बाजू वाकून वाकून थकते. टाकी भरली की मागे ५० च्या आसपास. रिकामी असताना ३५-४०. मीटर स्वतःचा घ्या, पंपावरच्या मीटरवर मी माझ्या सायकलचीसुद्धा हवा भरत नाही.

(माझं इथलं नाव हवा_बत्तीस का, तर हेच. आयुष्यभर लोक येऊन ‘बत्तीस मारा’ एवढंच म्हणाले.)

बटण टायरबद्दल: चिखलात तो खरंच भारी, मधल्या रुंद फटींतून माती फेकली जाते. पण ओल्या डांबरावर त्याचं रबर कमी टेकतं, ब्रेक लांब लागतो. तुम्ही आठवड्याला अणुस्कुरा चढता-उतरता. उतरताना समोर एसटी आली की लोणावळ्याची दोरी उपयोगी पडत नाही.

तारीख बघून घ्या. डीओटी लिहिलंय तिथले शेवटचे चार आकडे, २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. कमी खपाची साईज दुकानात वर्षानुवर्षं पडून राहते, तुम्हाला तीच चिकटवतील. दोन वर्षांपलीकडचा असेल तर भाव पाडा नाहीतर सोडा. चारही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे. फोर बाय फोरमध्ये पुढेमागे घेर वेगळा पडला तर गिअरबॉक्स बोंबलतो. स्टेपनीही तीच.

देवगडची_आक्का

सगळं वाचलं. कऱ्हाडच्या भावांनी हवेचं सांगितलं ते सोन्यासारखं, आजच मुलाला वाचून दाखवलं. पण बाबा रे, मला एक सांग. तुझी घाटी चाळीस मीटर. त्या चाळीस मीटरसाठी तू चार टायर निवडतोयस?

आमच्या बागेतही अशीच उतरण होती. ऑल-टेरेन घाल, बटण घाल, आमची लाल माती दोन फेऱ्यांत सगळ्या नक्षीत जाऊन बसते आणि टायर पुन्हा गोट्यासारखाच. माझ्या मालकांनी तीन वर्षं टायर बदलले. ते गेल्यावर मी खाणीतून तुटके चिरे आणले. अख्खे नकोत, तुटकेच, ते कमी भावात देतात. दोन चाकांच्या दोन चाकोऱ्या खणल्या, चिरे खरखरीत बाजू वर करून बसवले आणि वरच्या अंगाला तिरका चर काढून पाणी रानात सोडलं. पाणी वाटेवरून वाहतं म्हणून माती साबण होते, वाट मुळात वाईट नसते. दोन गडी, चार दिवस. त्यानंतर कल्टारच्या वेळी भाड्याची पिकअपसुद्धा खाली येते, साध्या टायरांवर.

कातळाचं मात्र टायरनेच निभवायला हवं. पावसात सड्यावर गवत माजतं आणि कडा दिसत नाहीत. आम्ही मे महिन्यातच वाटेच्या दोन्ही बाजूंना चुन्याचे दगड लावून ठेवतो. तेवढ्याच पट्ट्यातून जायचं, गुरं आडवी आली तर थांबायचं, पण खाली उतरायचं नाही.

डेन्वरकर

मूळचा साताऱ्याचा, सध्या कोलोरॅडो. इथे निम्मा गाव पिकअप चालवतो, म्हणून दोन पैसे माझेही. हवा_बत्तीस काकांच्या एलटीच्या मुद्द्याला एक पुरवणी. एलटी टायर कडक असतो, त्यात गेटवेला मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग). रिकाम्या गाडीत कमरेची वाट लागेल. रिकामी असताना हवा उतरवायचा कंटाळा केलात तर पहिल्याच महिन्यात टायरला शिव्या घालाल. आवाज वाढेल, डिझेलही थोडं जास्त लागेल, कारण टायर वजनाला जड.

आणि दुकानदार डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह दाखवून जास्त पैसे मागेल, ते देऊ नका. ते बर्फावरच्या पकडीचं चिन्ह आहे. आमच्याकडे आय-७० महामार्गावर डोंगराच्या पट्ट्यात सप्टेंबर ते मे टायरला किमान ४.८ मिलिमीटर खोली लागते, शिवाय असं चिन्ह किंवा फोर व्हील ड्राइव्ह. म्हणून आम्ही ते बघून घेतो. राजापुरात बर्फ फक्त मासळीच्या पेटीत.

कातळावर मात्र हवा खूप उतरवू नका. वाळूत नि चिखलात १८-२० वर टायर पसरतो आणि पकड येते, पण धारदार दगडात तीच फुगलेली बाजू आधी कापली जाते.

कातळसडा

आक्का, तुम्ही माझं बजेटच मोडलंत. काल टेप घेऊन घाटी मोजली, अडतीस मीटर भरली. वरच्या अंगाला बघितलं तर शेजाऱ्याच्या आगराचं पाणी सरळ माझ्या वाटेत सोडलेलं. त्याच्याशी बोललो. तो म्हणाला, तुमच्या वडिलांनीच सोडायला सांगितलं होतं. आता वडिलांना कुठे विचारू?

रिम बघितली, साडेसहा. म्हणजे २६५ बाद. कोल्हापुरात तीन दुकानांत फोन केला, एकाकडे २४५/७५ एलटी चार आहेत म्हणतो. तारीख विचारली तर म्हणाला, ‘ताजाच माल आहे.’ आठवडा कुठला ते विचारलं तर फोन ठेवला.

हवा_बत्तीस

मग तो माल २०२१ चा. जाऊन बघा, पण पैसे खिशातच ठेवून.

कातळसडा

(ऑगस्ट) उशिरा लिहितोय, कल्टार चालू होतं.

टायर २०२२ चे निघाले, काका, एका वर्षाने चुकलात. भाव पाडायला तयार नव्हता. दुसरीकडे तीन आठवडे थांबून मागवून घेतले, एलटी, तीन पदरी बाजू, यंदाच्याच वर्षातले. ब्रँड लिहीत नाही, नाहीतर पुढची चाळीस उत्तरं त्यावरच येतील. चार टायर बजेटमध्ये बसले नाहीत, पाच हजार वर गेले. घरात ते चिऱ्यांच्या खात्यात दाखवले आहेत.

चिरे घाटीच्या फक्त खालच्या वीस मीटरला झाले, पाऊस आधी आला. चर मात्र पूर्ण काढला आणि आक्का, निम्मं काम त्या चरानेच केलं. वरच्या अठरा मीटरवर अजून फोर-लो (फोर बाय फोरचा सावकाश पण जोराचा गिअर) टाकावं लागतं, टायर मातीने भरतात, अगदी तुम्ही म्हणालात तसेच. पण गाडी एकदाही आडवी गेली नाही. कातळावर आतापर्यंत चीर नाही. एका टायरच्या बाजूला खरवडल्याची रेघ आहे, आधीचा टायर असता तर तिथेच बसला असता. पट्टा आखायला चुना लावला होता, पहिल्या पावसात धुऊन गेला, आता ऑइलपेंट मारलाय.

रिकाम्या गाडीत पाटे खरंच बोंबलतात. एका गड्याने परत येताना मागे बसायला नकार दिलाय, तो घाटी चढून चालत येतो आणि माझ्याआधी पोचतो.

स्टेपनी अजून जुनीच आहे, २४५ चीच पण गोटा. काका, ओरडू नका. दसऱ्याला घेतो.