मदत हवी आहे: वापरलेली स्पोर्ट्स कार, डीलर थंड इंजिन दाखवत नाहीत आणि बाहेरच्या तपासणीला नाही म्हणतात

सहावा_गिअर (धागाकर्ता)

पोर्शे केमन एस, ३.४ लिटर, मॅन्युअल गिअरबॉक्स, २००६ ते २००८ मधली, अशी गाडी बघतोय. खाजगी विक्रेते फार कमी आहेत, त्यामुळे बहुतेक गाड्या डीलरकडेच आहेत. अडचणी सगळीकडे त्याच येतात, म्हणून मुद्द्यांवर विचारतो.

१. वेळ ठरवून गेलं तरी इंजिन आधीच गरम केलेलं असतं. पहिल्या स्टार्टचा आवाज आणि धूर कळणार कसा?
२. बाहेरच्या मेकॅनिककडून तपासणी करायची म्हटली की "आमची तपासणी झालेली आहे" असं सांगून टिक केलेला कागद पुढे करतात. त्याला काही अर्थ असतो का?
३. टेस्ट ड्राइव्ह दहा मिनिटांची, तीही सिग्नल ते सिग्नल. तेवढ्यात नेमकं काय तपासायचं?
४. जाहिरातीतली किंमत आणि सही करायच्या कागदावरची रक्कम जुळत नाही. मधल्या रकमा कधी आणि कशा काढून घ्यायच्या?
५. या इंजिनाबद्दल आयएमएस बेअरिंग आणि बोअर स्कोअरिंग (सिलिंडरच्या आत पडणारे ओरखडे) हे दोन शब्द सारखे वाचायला मिळतात. डीलरच्या आवारात उभं राहून यातलं किती ओळखता येतं?

स्कॅनर वापरता येतो. लिफ्ट, कॅमेरा वगैरे माझ्याकडे नाही.

---

थंड_स्टार्ट

पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं सांगतो.

आदल्या दिवशी फोन करून "उद्या मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, कोल्ड स्टार्ट बघायचा आहे" असं स्पष्ट सांगा आणि तेच मेसेजमध्ये लिहून पाठवा. दुकान उघडण्याच्या वेळेलाच पोहोचा. केमनचं इंजिन सीटच्या मागे झाकलेलं असतं, वरून हात लावून काही कळत नाही. मागे वाकून सायलेन्सरच्या टोकाला आधी हाताची पाठ जवळ नेऊन अंदाज घ्या. त्यापेक्षा खात्रीचा उपाय तुमच्याकडे आहेच: स्कॅनर लावा, इग्निशन ऑन करा, इंजिन सुरू करू नका आणि कूलंटचं तापमान व आत येणाऱ्या हवेचं तापमान शेजारी शेजारी वाचा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत दोन्ही जवळजवळ सारखे असतात. कूलंट पंधरा-वीस अंशांनी जास्त दिसलं तर सकाळी इंजिन चालवून झालेलं आहे. अशा वेळी वाद न घालता दुसऱ्या दिवशीची वेळ मागा.

त्याच स्कॅनरवर आणखी दोन आकडे बघा: बिघाडाचे कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली आणि इंजिन किती वेळा गरम झालं. ४० किलोमीटर आणि ३ वॉर्म-अप असं दिसलं तर विक्रीला लावताना कोणीतरी कोड पुसलेत. रेडिनेस मॉनिटर (गाडी स्वतःच्या यंत्रणांच्या ज्या तपासण्या करते त्या) अपूर्ण दिसत असतील तरी तोच अर्थ, फक्त बॅटरी काढली असेल तरीही ते अपूर्ण होतात, म्हणून विचारून घ्या. चेक इंजिनचा दिवा बंद आहे एवढ्यावर मात्र काहीच ठरवू नका.

आडव्या सहा सिलिंडरच्या इंजिनात रात्रभर थोडं तेल सिलिंडरमध्ये उतरतं. त्यामुळे पहिल्या स्टार्टला निळसर धुराचा एक झोत आला आणि काही सेकंदांत विरला तर घाबरू नका. धूर थांबतच नाही, पांढरा दाट ढग होतो, असं असेल तर ऑइल सेपरेटर (इंजिनातल्या वाफेतून तेल वेगळं करणारा भाग) गेल्याची शक्यता मोठी. इंजिन आयडलिंगला असताना तेलाचं झाकण उघडून बघा. सेपरेटरचा पडदा फाटला असेल तर आतल्या ओढीमुळे झाकण निघताना नेहमीपेक्षा फार जोर लागतो.

दहा मिनिटांच्या ड्राइव्हमध्ये एवढं तरी करा. गिअरबॉक्स थंड असताना दुसरा आणि तिसरा गिअर टाका. टाकताना खरखर आली किंवा अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर गिअर बाहेर उडाला तर सिंक्रो (गिअर जुळवून बसवणारी कडी) किंवा आतले भाग झिजलेत. चौथ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमपासून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबा. आरपीएम वाढतोय आणि वेग त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गतिरोधकावरून न्या, पुढून ठकठक आली तर कंट्रोल आर्मचे बुश संपलेत. मोठ्या रस्त्यावर नेऊ दिलं नाही तर ब्रेकचा थरथराट आणि व्हील बेअरिंगची घरघर तुम्हाला कळणारच नाही. या दोन्हींना वेग लागतो.

---

फ्लॅट_सिक्स

पाचव्या प्रश्नाचं उत्तर लांबणार आहे.

आधी आयएमएस. एम९६ आणि एम९७ या पोर्शेच्या इंजिनांत कॅमशाफ्टच्या साखळ्या फिरवणारा मधला शाफ्ट (इंटरमीडिएट शाफ्ट, म्हणून आयएमएस) असतो, त्याच्या एका टोकाच्या बेअरिंगचा हा सगळा प्रश्न. सुरुवातीच्या इंजिनांत ते दोन ओळींचं होतं, २००० च्या आसपासपासून एका ओळीचं आलं आणि सर्वात जास्त बदनाम झालं ते हेच. तुम्ही बघताय त्या २००६ ते २००८ च्या इंजिनांत बेअरिंग मोठं आहे आणि ते फुटण्याचं प्रमाण बरंच कमी. अडचण अशी की हे मोठं बेअरिंग इंजिनाचे दोन भाग वेगळे केल्याशिवाय निघत नाही. तेव्हा डीलर "आयएमएस बदललंय" म्हणाला तर एकच विचारा: इंजिन पूर्ण उघडलं होतं का, आणि त्याचं बिल कुठे आहे? या वर्षांच्या गाडीत क्लच बदलताना बेअरिंगचं बाहेरचं सील काढून टाकतात, म्हणजे इंजिनाचं तेल आत पोहोचतं. एवढंच केलेलं असेल तर बिलावर तसंच लिहिलेलं हवं. २००९ पासूनच्या केमनमध्ये इंजिन नवीन आहे आणि त्यात हा शाफ्टच नाही.

तुमच्या ३.४ साठी खरी काळजी बोअर स्कोअरिंगची करा. सिलिंडरच्या आतला थर अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिकॉनचा आहे. पिस्टनच्या बाजूवरचं कोटिंग झिजलं की पिस्टन त्या थरावर घासतो आणि उभे ओरखडे पडतात. सिलिंडर ४ ते ६ च्या बँकेत, म्हणजे इंजिनाच्या त्या बाजूला, हे जास्त दिसतं, त्यातही सहाव्या सिलिंडरमध्ये. थंडीत इंजिन सुरू करून लगेच जोरात पळवणं आणि कमी आरपीएमला वरच्या गिअरमध्ये रेटणं या दोन्ही सवयींनी ते लवकर होतं.

लक्षणं अशी: इंजिन गरम झाल्यावर आयडलिंगला एका बाजूने टकटक, तेल पिणं, त्या बँकेच्या प्लगवर काजळी. यातलं काहीच नसतानाही सुरुवातीचे ओरखडे असू शकतात. कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन (सिलिंडरमधून हवा किती गळते ती चाचणी) दोन्ही चांगले येऊनही बोअर खराब निघतो, कारण रिंग अजून पकडून असतात. म्हणून डीलरने कॉम्प्रेशनचे आकडे दाखवले तरी समाधान मानू नका. कॅमेरा हवाच. प्लगच्या भोकातून सरळ कॅमेरा घातला तर पिस्टनचा माथा आणि बोअरचा वरचा भाग दिसतो, ओरखडे मात्र खालच्या भागात सुरू होतात. टोक वळवता येणारा कॅमेरा, पिस्टन सर्वात खाली आणि प्रत्येक सिलिंडरचे फोटो असं सांगून काम द्या. ऑइल पॅन काढून खालून पाहणं सर्वात खात्रीचं.

ऑइल फिल्टर कागदी आहे. तपासणीत तो उघडून घड्या पसरून बघायला सांगा. तपकिरी प्लास्टिकचे कण साखळीच्या गाइडचे असतात. चुंबकाला चिकटणारी चमक पोलादाची, म्हणजे बेअरिंगचा संशय. चमक आहे पण चिकटत नाही, तर अ‍ॅल्युमिनियम. मात्र विक्रीपूर्वी नुकतंच तेल आणि फिल्टर बदललेलं असेल तर फिल्टर स्वच्छच दिसणार, म्हणून शेवटची सर्व्हिस किती किलोमीटरवर झाली ते आधी बघा.

बाकी पटकन: पुढच्या बंपरच्या जाळीत टॉर्च मारा, रेडिएटर आणि एसी कंडेन्सरमध्ये पाला साचून ते कुजतात. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर ओल असेल तर मागचं मुख्य सील झिरपतंय. इग्निशन कॉइलला तडे जातात, कूलंटची टाकीही तडकते.

---

मायक्रॉन

रंगाबद्दल कोणी लिहिलं नाही. जाडी मोजण्याचं यंत्र लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्हींवर चालणारं घ्या, स्वस्त यंत्रं फक्त पोलादावर चालतात. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉन. २५० ते ३५० म्हणजे पुन्हा रंगवलंय. ५०० च्या पुढे गेलं तर खाली पुट्टी आहे असं समजा. प्लास्टिक बंपरवर ही यंत्रं आकडा देत नाहीत. एका पॅनेलवर पाच ठिकाणी मोजा. बॉनेट नवीन रंगवलेलं असणं समजू शकतं, खड्यांचे डाग असतात. दाराच्या आतली चौकट, छताचा खांब किंवा मागचा फेंडर रंगवलेला असेल तर अपघाताची कागदपत्रं मागा. विम्यात न नोंदवलेला अपघात इतिहासाच्या कुठल्याच अहवालात येत नाही, त्यामुळे "अहवाल स्वच्छ आहे" याचा अर्थ तेवढाच घ्या.

टायरवरचे शेवटचे चार आकडे: २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. चारही टायर एकाच मेकचे आहेत का, मागच्या जोडीची आतली कड जास्त झिजली आहे का, हे खाली वाकून बघा. डीलर बाहेरची कड चकचकीत करून ठेवतात.

---

कागद_आधी

चौथ्या प्रश्नाबद्दल. हप्त्याची चर्चा सुरू होऊ देऊ नका. "महिन्याला किती जमेल?" असं विचारलं की उत्तर एकच द्या: सगळं धरून एकूण रक्कम लिहून द्या. कागदपत्रांचा खर्च, रंगाचं कोटिंग, वाढीव वॉरंटी आणि तथाकथित प्रोटेक्शन पॅकेज प्रत्येकी वेगळ्या ओळीत लिहून मागा. सरकारी कर आणि नोंदणी सोडून उरलेलं सगळं बोलणीचं आहे. कोटिंग आधीच लावून टाकलंय असं सांगतील. ते तुम्ही मागितलेलं नव्हतं, म्हणून ती ओळ खोडायला सांगा. हे सगळं प्रत्यक्ष जाण्याआधी ईमेलवर करा, कारण तीन तास बसल्यावर माणूस थकतो आणि सही करतो.

वॉरंटीत "झीज" आणि "आधीपासून असलेला दोष" हे दोन शब्द शोधा. बोअर स्कोअरिंग या दोन्हींत बसवून नाकारतात.

---

सहावा_गिअर

खूप उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. बाहेरच्या तपासणीला नाही म्हटलं की सरळ निघून यायचं का? आणि ओव्हर-रेव्हचा, म्हणजे इंजिन मर्यादेपेक्षा जास्त आरपीएमला फिरल्याच्या नोंदींचा, अहवाल एका ठिकाणी मिळाला, त्यात रेंज १ ते ६ पुढे आकडे आणि तास आहेत. ते वाचायचे कसे?

---

कागद_आधी

निघून या. ज्याला गाडीबद्दल खात्री आहे तो दोन तास द्यायला तयार असतो.

---

थंड_स्टार्ट

@कागद_आधी, इतकं सरसकट नको. काही ठिकाणी विम्यामुळे गाडी त्यांच्या माणसाशिवाय आवाराबाहेर जाऊ देत नाहीत, ते कारण खरं असू शकतं. आधी दोन पर्याय द्या: त्यांच्याच माणसाने गाडी तुमच्या मेकॅनिककडे न्यावी, किंवा तुमचा मेकॅनिक त्यांच्या लिफ्टवर येईल. खर्च तुमचा. दोन्हींना नकार आला तर मात्र पुढे बोलू नका. टिक केलेल्या कागदाबद्दल: त्यात ब्रेक पॅडची जाडी मिलिमीटरमध्ये, टायरची खोली, बॅटरीचा आकडा लिहिलेला आहे का बघा. नुसत्या टिका असतील तर त्यातून तुम्हाला काहीच मिळत नाही.

---

फ्लॅट_सिक्स

ओव्हर-रेव्हचे आकडे म्हणजे स्पार्कची संख्या, किती वेळा घडलं ती संख्या नाही. सहा सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात ३ स्पार्क होतात. ७,६०० आरपीएमला मिनिटाला २२,८००, म्हणजे सेकंदाला ३८०. रेंजपुढे १९० लिहिलं असेल तर तो अर्धा सेकंद झाला. रेंज १ ते ३ मध्ये आकडे असणं सामान्य आहे, रेव्ह लिमिटरला (आरपीएम एका मर्यादेवर अडवणाऱ्या यंत्रणेला) लागलं तरी येतात. रेंज ४ ते ६ ला नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरने पोहोचता येत नाही, तिथे फक्त चुकून खालचा गिअर पडल्यानेच जातं. त्यात आकडा असेल तर शेजारचा तास बघा. इंजिनाचे एकूण तास १,९०० आणि ती घटना ६०० व्या तासाला असेल तर त्यानंतर इंजिन १,३०० तास चाललंय, काही मोडायचं असतं तर बहुधा मोडलं असतं. घटना १,८९० व्या तासाची असेल तर ती गाडी सोडा.

त्याच अहवालातून मीटरही पडताळता येतो. ८०,००० किलोमीटर भागिले १,९०० तास म्हणजे सरासरी ताशी ४२, पटण्यासारखं. तेवढ्याच किलोमीटरला ४,००० तास दिसले तर सरासरी २० येते. गाडी कायम गर्दीत चाललेली असेल, नाहीतर मीटर मागे फिरवलाय. सर्व्हिसच्या बिलांवरचे किलोमीटर तारखेनुसार मांडा, लगेच कळेल.

---

त्रिकोणी_पिस्टन

धाग्यातच विचारतो, माझदा आरएक्स-८ साठीही कॉम्प्रेशनवर विसंबू नये का?

---

फ्लॅट_सिक्स

उलट आहे. आरएक्स-८ चं इंजिन रोटरी आहे, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो, आणि रोटरीत कॉम्प्रेशन हीच मुख्य तपासणी. फक्त साधा गेज चालत नाही, कारण एका रोटरला तीन बाजू असतात आणि साधा गेज तिन्हींतली सर्वात चांगली दाखवतो. रोटरीचा खास टेस्टर हवा, तिन्ही बाजूंचे वेगळे आकडे आणि स्टार्टरचा आरपीएम लिहिलेला. २५० आरपीएमला ६८० किलोपास्कलच्या खाली गेलं तर इंजिन बांधायला आलं. आवारात करण्यासारखं एकच: पूर्ण गरम करून बंद करा, पाचेक मिनिटं थांबा, पुन्हा सुरू करा. स्टार्टर बराच वेळ फिरत राहिला तर इंजिन थकलंय, टेस्टरचीही गरज नाही.

---

कागद_आधी

@सहावा_गिअर, डीलरला पाठवायला मजकूर देतो, चेसिस क्रमांक, तारीख आणि रक्कम घालून वापरा:

"चेसिस क्रमांक अमुक. ही गाडी राखून ठेवण्यासाठी टोकन देत आहे. माझ्या मेकॅनिकची तपासणी अमुक तारखेपर्यंत होईल, त्यात सहाही सिलिंडरचे कॅमेऱ्याने फोटो आणि ओव्हर-रेव्ह अहवाल असेल. निकाल मला मान्य नसल्यास कारण न विचारता पूर्ण टोकन परत मिळेल. गाडीची एकूण रक्कम अमुक, यात सर्व शुल्कं आली. कृपया उत्तरात 'मान्य' लिहून पाठवा."

उत्तर आल्यावरच पैसे द्या. चेसिस क्रमांक गाडीवर स्वतः वाचून १७ अक्षरं जुळवा. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, तशी दिसली तर एक आणि शून्य वाचण्यात चूक झालेली असते.

---

सहावा_गिअर

मजकूर आज दोन ठिकाणी पाठवतोय. कॅमेऱ्याचे फोटो मिळाले की याच धाग्यात टाकतो, सहावा सिलिंडर आधी.