महिनाअखेर कशी काढायचात? तुमचे अनुभव सांगा

मोगरा७
काल वाण्याकडे माझ्या पुढे एक मुलगी उभी होती, विशीतली असेल, सिक्युरिटीच्या युनिफॉर्ममध्ये. पाव किलो सुटं तेल मागत होती. सुटं ठेवत नाही म्हटल्यावर तिने अर्ध्या लिटरच्या पिशवीचा भाव विचारला, जरा थांबली, मग कांदे परत टोपलीत ठेवले आणि तेल घेऊन गेली. घरी आले तरी डोक्यातून जाईना कारण तो हिशोब मला तोंडपाठ आहे.

२००४ ला मी शिक्षणसेवक म्हणून लागले. मानधन ३०००, तीन वर्षं तेवढंच. शेजारच्या वर्गावरच्या बाई तेच काम करून पूर्ण पगार घ्यायच्या आणि शाळेत कुणाचा निरोप समारंभ निघाला की वर्गणी मात्र सगळ्यांना सारखी. खोलीभाडं, एसटी, घरी थोडे पाठवायचे, बरं ते मानधन तरी दर महिन्याला येईल तर ना, दोन-तीन महिन्यांचं एकदम यायचं आणि आलं की वाण्याचं देऊन परत शून्य. त्या वाण्याची मुलगी माझ्याच वर्गात, पाढे चुकली तरी रागवायची सोय नाही 😄 खाण्याचं कसंही भागायचं हो, महिना मोडायचा तो आहेराने. लग्नसराईत पत्रिका हातात पडली की पोटात गोळा. ५१ द्यावेत तर बाई नोकरीला आहेत ना म्हणून नावं ठेवणार, १०१ द्यावेत तर पुढचा आठवडा चटणी-भाकरी. तुम्ही कसं भागवलंत?

अर्धाकप
आहेर!!! अगदी अगदी. आमच्याकडे त्यासाठी वेगळी ट्रंक होती, आलेले ब्लाऊजपीस त्यात, कुणाकडून आला ते आई चिठ्ठी टाकून ठेवायची. एकदा चिठ्ठी पडली आणि मामींचा पीस मामींनाच गेला. मामी काही बोलल्या नाहीत. दिवाळीला तोच परत आमच्याकडे आला.

सोलापुरी_कडक
आई विड्या वळायची ओ. हजारामागं मजुरी. पाला भिजत घालायचा, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायचा, तंबाखू भरून वळायचं, दोरा आम्ही पोरं बांधायचो. कारखान्यात द्यायला गेलं की तिथला माणूस मूठभर काढून छाट म्हणून बाजूला टाकणार, त्याचे पैसे नाही आणि विडीपण परत नाही. म्हणून हजार भरायचे तर हजाराच्या वर वळायच्या. पाला कमी पडला की बाहेरून विकत आणायचा, तो पण आमच्याच पैशानं. माझ्या वह्यांना तंबाखूचा वास यायचा त्यामुळं बाकावर शेजारी कोण बसत नव्हतं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आता लोकं हौसेनं पार्सल नेतात, आमच्याकडं ती २० तारखेनंतर रोज. थांबा लाईट गेली

जमाखर्च
अकाउंटंट म्हणून सांगतो, गरिबाला सगळं महाग पडतं. पाव किलो पाव किलोने घेतलेली डाळ पाच किलोच्या पिशवीपेक्षा नेहमी महाग, पण पाच किलोचे पैसे एकदम असतात कुणाकडे. अपवाद फक्त शांपूची पुडी, ती बाटलीपेक्षा स्वस्त पडते, मिलीचा भाव काढून बघा.

अर्धाकप
तुम्ही खरंच काढलात??

जमाखर्च
रविवारी दुसरं काय करणार.

लालबागकर
वडील गिरणीत बदली कामगार. बदलीवाल्याने सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कोण गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम, नाहीतर घरी परत, म्हणजे या महिन्यात किती मिळणार ते महिना संपल्याशिवाय कळायचंच नाही. त्यात १८ जानेवारी १९८२ ला संप. दोन-तीन महिन्यांत मिटेल असं सगळे म्हणत होते. आईने घरात खानावळ सुरू केली, पण जेवणारे पण गिरणीतलेच ना! एकेक करून ते गावाला गेले, शेवटी आमच्याच घरचे उरले जेवायला. मग आम्हीपण बिस्तरा बांधून रत्नागिरी. संपाचे पुढारी दत्ता सामंत, त्यांनी संप मागे घेतल्याचं कधी जाहीर केलंच नाही, त्यामुळे वडील गमतीने म्हणायचे मी अजून संपावरच आहे. गिरणी कामगारांच्या घरांसाठी आईच्या नावाने फॉर्म भरलाय, बघू.

काकाश्री५८
सर्वांचे अनुभव वाचले. तेव्हा गरजाच कमी होत्या. पैसा नव्हता पण समाधान होते. आताच्या मुलांना पिझ्झा हवा, मोबाईल हवा.

अर्धाकप
काका, समाधान नक्की कुणाला होतं? माझ्या आईची दाढ दुखली की ती लवंग धरायची, दुसरी दुखली की परत लवंग. पन्नाशीत खालचे सगळे दात गेले. डॉक्टरकडे जायला पैसे नाहीत याला गरजा कमी असणं म्हणायचं का?

काकाश्री५८
बरं बरं. पहिली गरम भाकरी आमच्याच ताटात यायची हेही खरे.

तासिकावाला
तुम्ही सगळे तेव्हाचं सांगताय, मी आत्ताचं सांगतो. सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा), पीएचडी, सीनियर कॉलेजला सीएचबीवर म्हणजे तासिका तत्त्वावर. जेवढे तास तेवढे पैसे, मे महिन्यात तास नाहीत म्हणून पैसे नाहीत, दिवाळीच्या सुट्टीचंही तेच, आणि झालेल्या तासांचं बिलसुद्धा सहा सहा महिने अडकतं. संध्याकाळी क्लासवर अकरावीला शिकवतो, त्याच्यावर घर चालतं. स्थळं येतात, प्राध्यापक म्हटलं की मुलीकडचे खूश, मग वडील हळूच विचारतात, पर्मनंट ना? पुढे फोन येत नाही. एकदा माझाच विद्यार्थी पार्सल घेऊन दारात, सर तुम्ही इथे राहता? त्याची कमाई विचारली आणि गप्प बसलो.

मोगरा७
@तासिकावाला वाईट वाटलं वाचून. २०२३ पासून प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला १६००० झाले तेव्हा मी आनंदाने पेढे आणले आणि मनात म्हटलं, आमच्या वेळी कुठे गेला होतात रे. सीएचबीचं पण काहीतरी व्हायला पाहिजे.

नागपूरची_संत्री
विषय सोडून विचारतेय, रागावू नका. केशरी कार्डाचं ई-केवायसी कुणी केलंय का? सासूबाईंचे बोटाचे ठसेच उमटत नाहीत, दुकानदार म्हणतो उद्या या, उद्या गेलं की परत उद्या.

जमाखर्च
भांडी घासून घासून रेषा जातात हो. माझ्या आईचंही तेच. वडिलांची पेन्शनची तऱ्हा तर वेगळीच, खाजगी कंपनीत आयुष्य गेलं आणि ईपीएसचे (पीएफवाल्यांची पेन्शन) महिन्याला हजारच्या आसपास. किमान १००० हे २०१४ पासून आहे तिथेच आहे. बीपीच्या गोळ्या आणल्या की पेन्शन संपली.

लालबागकर
@नागपूरची_संत्री मोबाईलवर चेहऱ्यावरून पण होतं. मेरा ई-केवायसी अ‍ॅप टाका, आधारला जोडलेला नंबर जवळ ठेवा, ओटीपी येतो. उजेडात बसवा त्यांना.

सोलापुरी_कडक
लाईट आली. काय सांगत होतो विसरलो बे. हां, ते झुणक्याचं राहिलं. ९५ साली १ रुपयात झुणका भाकर निघाली तेव्हा आम्ही भावंडं शाळेतून पळत जायचो, घरी पण तेच असायचं तरी बाहेरचं म्हणून भारी लागायचं.

अर्धाकप
झुणका का पिठलं? आमच्याकडे दोन्ही एकच.

सोलापुरी_कडक
एक कसं ओ! झुणका कोरडा. पाहुणे आले की पाणी ओतायचं, झालं पिठलं.

नागपूरची_संत्री
@लालबागकर झालं!! पहिल्याच झटक्यात. तुमचे लई उपकार. आता सासूबाई मागे लागल्यात की फोटो दाखव, डोक्यावर पदर नीट होता की नाही.