मदत हवी आहे: फोटोतली नावं पुसायची कशी? (तातडीचं)

तालीम_कार्यकर्ता
वह्यावाटपाचे फोटो आज रात्रीच पेजवर टाकायचेत. टेबलावरच्या यादीतली नावं, मोबाइल नंबर दिसायलेत. काळा मार्कर मारला तरी खालचं वाचता येतंय. लवकर सांगा.

रंकाळा_पहाटे
फोन कुठला? नुसते फोटो, की यादीची पीडीएफपण टाकणार?

तालीम_कार्यकर्ता
आयफोन. फोटोच.

रंकाळा_पहाटे
मग हायलायटर घेतला असणार. तो अर्धपारदर्शक असतो, एक्स्पोजर (फोटोचा उजेड) वाढवलं की अक्षरं वर येतात. मार्कअपमध्ये (फोटोवर खुणा करायचं आयफोनमधलं साधन) अधिकचं चिन्ह दाबून चौकोन घ्या, आतून पूर्ण काळा भरा. नंबर ब्लर करू नका, ० ते ९ असे अंक दहाच, ब्लरच्या ठोकळ्यांवरून अंदाज बांधता येतो. शेवटी स्क्रीनशॉट काढून तोच टाका, त्यात फोटोचं लोकेशनही राहत नाही.

शाहूपुरी_गल्ली
एवढा कुटाणा कशाला? क्रॉप करा की.

रंकाळा_पहाटे
क्रॉप केलेला फोटो एअरड्रॉपनं (एका आयफोनवरून दुसऱ्यावर थेट पाठवायची सोय) 'ऑल फोटोज डेटा'सकट, म्हणजे केलेल्या बदलांच्या माहितीसह दिला, तर समोरचा मूळ फोटो परत आणू शकतो. म्हणून स्क्रीनशॉट.

बिंदूचौक
मुलं कुठली? चेहरे दिसतात का?

तालीम_कार्यकर्ता
बालगृहातली. चेहरे दिसणारच की, पोरं खूश आहेत. अधीक्षक तोंडी हो म्हणालेत.

बिंदूचौक
थांबा, टाकू नका! हे आधी सांगायला हवं होतं. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ७४ वाचा. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या, म्हणजे बालगृहातल्यासारख्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो उघड करायला बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अधीक्षकांच्या तोंडी होकारावर जाऊ नका. सूट द्यायची तर बाल कल्याण समिती (अशा मुलांबाबत निर्णय घेणारी सरकारी समिती) लेखी देते, तीही मुलाच्या हितासाठी असेल तरच.

शाहूपुरी_गल्ली
मग चेहऱ्यावर इमोजी लावा.

बिंदूचौक
गणवेश, मागची पाटी, पोस्टमधला संस्थेचा टॅग, सगळ्यातनं ओळख पटते. उद्या वर्गातल्या कुणी तो फोटो त्या पोराला दाखवला तर काय वाटेल त्याला?

तालीम_कार्यकर्ता
दोन फोटो सकाळीच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेलेत.

रंकाळा_पहाटे
'सर्वांसाठी हटवा' साधारण अडीच दिवस चालतं, आत्ताच करा. पण गॅलरीत उतरलेले आणि पुढे गेलेले तसेच राहतात. ग्रुपवर स्पष्ट लिहा, काढून टाका म्हणून.

तालीम_कार्यकर्ता
हटवले, लिहिलंपण. नुसत्या वह्यांच्या गठ्ठ्यांचा एक फोटो आहे. चालेल?

बिंदूचौक
चालेल. गठ्ठ्यांवर नावाच्या चिठ्ठ्या नाहीत ना? मोठा करून बघा.

तालीम_कार्यकर्ता
एकावर आहे. चौकोन मारतो.