इयान प्लेयर आणि पांढरा गेंडा: 'एकट्यानं वाचवला' म्हणणं थांबवा

माळटिटवी
दक्षिण आफ्रिकेतले वन्यजीव रक्षक इयान प्लेयर यांना जाऊन ३० नोव्हेंबर २०२४ ला १० वर्षं झाली. त्यानिमित्त एक पोस्ट सगळीकडे फिरतेय: "या एका माणसानं पांढरा गेंडा वाचवला, १९६० साली तो नसता तर आज गेंडा फक्त चित्रात दिसला असता." खाली नमस्कारांची रांग. हे वाचून गप्प बसवत नाही.

पांढरा गेंडा संपत आला होता तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलुलँडमध्ये काळ्या आणि पांढऱ्या उम्फोलोझी नद्यांच्या बेचक्यात शंभरसुद्धा उरले नव्हते. १८९५ मध्ये ते रान राखीव झालं. पुढे गुरांचा नागाना रोग पसरवणारी त्सेत्से माशी हटवायची म्हणून त्याच भागात हजारो जनावरं गोळ्या घालून मारली. गेंडे तेवढे वगळले. प्लेयर नाताळ पार्क्स बोर्डात, म्हणजे तिथली राखीव रानं सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेत, आले १९५२ मध्ये. १९५३ मध्ये विमानातून मोजणी केली तेव्हा ४३७ गेंडे भरले. म्हणजे शंभराच्या आतून ४३७ पर्यंतची वाढ त्यांच्या आधीचीच. ती राखली पायी गस्त घालणाऱ्या झुलू पहारेकऱ्यांनी. माकुबू न्तोंबेला हे नाव त्या पोस्टीत आहे का? त्यांना लिहितावाचता येत नव्हतं, पण माग कसा काढायचा, वारा बघून गेंड्याच्या किती जवळ जायचं, हे प्लेयरना त्यांनी शिकवलं. प्लेयर स्वतः त्यांना गुरू मानत. मग आपण का गाळतो?

रानपिंगळा
न्तोंबेलांबद्दल शंभर टक्के सहमत. बाकी तुम्ही अर्धंच सांगताय. ४३७ गेंडे, पण सगळे एकाच रानात! एक अँथ्रॅक्सची साथ आली असती तर सगळा हिशेब शून्यावर. शिवाय संख्या वाढल्यावर गवत पुरेना, गेंडे हद्दीबाहेर जाऊ लागले. १८९५ पासूनचं राखणं मोठंच, पण त्यातून एकच टोपली भरली. ती अनेक टोपल्यांत वाटायचं, म्हणजे गेंडे पकडून दुसरीकडे हलवायचं काम प्लेयर यांच्या 'ऑपरेशन ऱ्हायनो' या मोहिमेनं केलं, १९६१ पासून. दक्षिण आफ्रिकेच्याच क्रूगर राष्ट्रीय उद्यानातून पांढरे गेंडे १८९६ च्या सुमारास संपले होते, तिथे ते परत गेले. अमेरिकेत सॅन डिएगोला १९७१ मध्ये एका खेपेत २० गेले. खाजगी शेतांवरही गेले.

उलटं उदाहरण हवंय? उत्तरेकडचा पांढरा गेंडा. रानातला शेवटचा कळप कांगोतल्या गाराम्बात एकाच जागी अडकला आणि संपला. 'सुदान' हा शेवटचा नर मार्च २०१८ मध्ये गेला. आता दोन माद्या आहेत, बस्स.

माळटिटवी
गाराम्बात युद्ध होतं. तिथली गोष्ट प्लेयरच्या श्रेयाला जोडू नका.

रानपिंगळा
युद्ध होतं म्हणूनच तर म्हणतोय! एका जागी ठेवलं की एक युद्ध पुरतं.

सुई आणि सलाईन
दोघंही भुलीच्या औषधाचा विषय विसरताय. हलवणार कशानं? दोन टनांचं जनावर हाकत नेता येत नाही. सुरुवातीला मॉर्फिनसारख्या औषधांची मिश्रणं बंदुकीतल्या सुईनं मारत. ती लागायला इतका वेळ लागे की गेंडा मैलोन्‌मैल पळे आणि माणसं घोड्यावरून मागे. मग हार्थूर्न वगैरे पशुवैद्यांनी एम-९९, म्हणजे एटॉर्फिन, मैदानात आणलं. मॉर्फिनच्या हजारपटीहून तेज. पूर्ण वाढलेल्या गेंड्याला ३-४ मिलिग्रॅम पुरतं. आज सुई सहा सेंटिमीटरची, जाड आणि कॉलरवाली घेतात. कातडी इतकी जाड की आखूड सुईचं औषध आतच पोचत नाही.

खरी मेहनत तो बसल्यावर सुरू होते. डोळ्यांवर पट्टी, कानात कापडाचे बोळे. एका कुशीवर फार वेळ राहिला तर खालच्या पायाचे स्नायू दबून मरतात, म्हणून सारखी कूस बदलायची आणि पाय हलवत राहायचं. पांढऱ्या गेंड्याचा श्वास या औषधानं काळ्यापेक्षा जास्त मंदावतो, रक्तातला प्राणवायू झरझर उतरतो. म्हणून नाकात नळी घालून ऑक्सिजन आणि जोडीला ब्युटॉर्फॅनॉल, म्हणजे श्वासावरचा तो परिणाम कमी करणारं औषध. काम पहाटेच उरकायचं, ऊन चढलं की अंग तापतं आणि पाणी ओतत बसावं लागतं. मग अर्धवट शुद्धीवर आणून दोरानं ओढत, ढकलत, त्याच्याच पायांनी पेटीत चालवायचं. एटॉर्फिनचा थेंब माणसाच्या जखमेत गेला तर जीव जाऊ शकतो, त्यामुळे माणसासाठीचा उतारा हाताशी ठेवल्याशिवाय बाटली उघडायची नाही.

पेटीतून उतरवल्यावरही निम्मं काम बाकी. कुंपणातल्या गेंड्यांपैकी काही दिवसेन्‌दिवस चारा तोंडात घेत नाहीत. हे सगळं चुकत-माकत तिथेच शिकले. श्रेय द्यायचं तर या शिकण्याला द्या.

काटेसावर
इतकं वाचवून १९६८ मध्ये पांढऱ्या गेंड्याची परवान्यानं शिकार उघडली, हे कोण लिहिणार? पैसे मोजून गेंडा मारा! याला संवर्धन म्हणता?

रानपिंगळा
म्हणतो. गेंडे ठेवले तर जमीनमालकाच्या पदरात काही पडेना, तोवर शेतावर गुरंच राहणार होती. गोष्टी चुकल्या त्या किमतीत. बोर्ड ठरावीक स्वस्त दरानं गेंडे विकायचं आणि घेणारा शिकारीत त्याहून किती तरी जास्त कमवायचा. लिलाव सुरू झाले ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस. पण २०१० च्या सुमारास संख्या वीस हजारांच्या घरात गेली ती याच वाटेनं.

काटेसावर
आणि २००७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत १३ गेंडे मारले गेले, २०१४ मध्ये १,२१५! शिंगाला किंमत चिकटवली की हेच होतं. २०२३ मध्ये एकट्या श्लुश्लुवे-इम्फोलोझीत (उम्फोलोझीचंच आजचं राखीव रान) ३०७ गेले. प्लेयरच्या स्वतःच्या रानात! तुमचे हिशेब ऐकवत नाहीत.

सुई आणि सलाईन
काटेसावर, रागावलात ते समजतं, पण चोरटी शिकार व्हिएतनामच्या मागणीवर चालते, १९६८ च्या परवान्यांवर नाही. त्या ३०७ नंतर २०२४ मध्ये त्याच रानात शिंगं कापायला सुरुवात झाली. कसं कापतात ते नीट सांगतो, कारण 'गेंड्याला विद्रूप केलं' असं बरेच जण लिहितायत. मुळाजवळ जिवंत थर असतो, तो सोडून साधारण ७ ते १० सेंटिमीटर वर चेनसॉनं कापायचं. खाली गेलं तर रक्त आणि पुढे वेडंवाकडं शिंग. कडा घासून गोल करायच्या, वरून डांबरासारखं मलम. शिंग म्हणजे नखासारखं केराटिन, दुखत नाही, दीड-दोन वर्षांत पुन्हा इतकं वाढतं की परत कापावं लागतं. प्रत्येक खेपेला तीच भूल, तोच धोका. आणि बुंधा उरतोच, त्या बुंध्यासाठीही मारतात. गस्त कमी करून नुसतं कापत बसलं तर उपयोग नाही.

काटेसावर
कापणं मान्य, नाइलाज म्हणून. १९६८ अजूनही मान्य नाही.

माळटिटवी
धागा शिंगांवर गेला, असो. रानपिंगळा, १९६१ नंतरचं श्रेय देते, 'एक टोपली' पटलं. पण त्या पोस्टीतला 'एकट्यानं' काढा आणि न्तोंबेलांचं नाव घाला. ते १९९३ मध्ये गेले, हेही लिहा.

रानपिंगळा
पोस्ट माझी नाही, पण लिहिणाऱ्याला कळवलंय. हार्थूर्नचं नावही घालायला सांगितलंय.