प्रोफेशन कौशल्यातून पात्राला खरी कमाई व्हावी का?

भट्टीवाला (धागाकर्ता)

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या भूमिका-खेळाच्या ३.५ आवृत्तीत प्रोफेशनचा (पात्राच्या धंद्याच्या कौशल्याचा) नियम एका ओळीचा आहे. आठवडाभर काम करा, फासा टाका, त्यात कौशल्याचे गुण मिळवा, येईल त्या बेरजेच्या निम्मी सोन्याची नाणी (पुढे जीपी) घ्या.

पहिल्या लेव्हलला ४ रँक (कौशल्यात घातलेले गुण), विस्डमचे (शहाणपणाचे) ३ आणि फाशाऐवजी टेक टेन (म्हणजे सरळ १०) धरलं तर बेरीज १७, कमाई साडेआठ जीपी. दहाव्या लेव्हलला १३ रँक आणि विस्डमचे ५ धरा: बेरीज २८, कमाई १४. दहाव्या लेव्हलपर्यंत पोचून पगार दुप्पटही होत नाही. उलट नियमांच्या तक्त्यातली पात्राची अपेक्षित मालमत्ता पाचव्या लेव्हलला ९,००० जीपी, सातव्याला १९,०००, नवव्याला ३६,०००, म्हणजे दर दोन लेव्हलला साधारण दुप्पट. नवव्यातून दहाव्यात जाताना लागणारे १३,००० जीपी खलाशी म्हणून कमवायचे तर सुमारे ९२९ आठवडे, जवळजवळ १८ वर्षं लागतील.

तेच १३ रँक स्पॉट (शत्रू हेरणं) किंवा टंबलमध्ये (कोलांटी मारून निसटणं) घातले असते तर दर लढाईत उपयोगी पडले असते. ज्याने पात्राला धंदा दिला त्याला नियमच तोट्यात घालतात. माझा प्रस्ताव: आठवड्याची कमाई = बेरीज × रँक ÷ ४. पहिल्या लेव्हलला १७ जीपी, दहाव्याला ९१.

नकाशेवाला

असहमत. मुळात आजचा पगार कमी नाहीच. अकुशल मजूर दिवसाला चांदीचं एक नाणं कमावतो, आठवड्याचे ०.७ जीपी. तुमचं पहिल्या लेव्हलचं पात्र त्याच्या बारापट कमावतं. गावाच्या मानाने तो सुखवस्तू माणूस आहे. फक्त त्याची तुलना तुम्ही ड्रॅगनच्या खजिन्याच्या ढिगाऱ्याशी करताय.

दुसरं, तुमच्या सूत्राला वेळेची मर्यादा नाही. ५० आठवडे × ९१ म्हणजे ४,५५० जीपी. +१ लाँगसोर्ड (जादूची तलवार) २,३१५ ला येते. वर्षभर घरी बसून जवळजवळ दोन तलवारी झाल्या. मग टेबलावर वाद सुरू: एक जण म्हणतो वर्ष थांबू, दुसऱ्याला आजच निघायचंय. एल्फ असेल तर तो दहा वर्षंही थांबेल, त्याचं वय कुठे संपतंय! साहस सोडून थांबण्याला बक्षीस देणारा नियम खेळाच्या मुळावर येतो.

हिशेबनीस

दोघेही पगारावर भांडताय, पण गळती विक्रीत आहे. बनवलेली वस्तू निम्म्या किमतीला विकली जाते, हा नियम सगळं ठरवतो.

३.५ मध्ये क्राफ्टला (वस्तू बनवण्याच्या कौशल्याला) कच्चा माल किमतीच्या एक तृतीयांश. १५ जीपीची लाँगसोर्ड: माल ५, विक्री साडेसात, नफा अडीच. फुल प्लेट (पूर्ण चिलखत) १,५०० जीपी, म्हणजे चांदीची १५,००० नाणी, डीसी (यशासाठी लागणारी बेरीज) १८. बेरीज २० आली तर आठवड्याची प्रगती २० × १८ = ३६०, पूर्ण व्हायला ४२ आठवडे. डीसी ५ किंवा जास्तने चुकलात तर निम्मा माल वाया.

पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांत तर गणित शून्यावर येतं. माल निम्म्या किमतीचा, विक्रीही निम्म्या किमतीला. दिवसाला ५ जीपीच्या गतीने प्लेट ३०० दिवसांत होते आणि नफा काहीच नाही. त्यापेक्षा नुसता धंदा केलेला बरा, निदान मॉडेस्ट (साध्या) राहणीचा रोजचा १ जीपी खर्च सुटतो.

म्हणून पगाराला हात लावू नका. ज्याला प्रोफेशन (व्यापारी) आहे त्याला लूट ५० ऐवजी ६० टक्क्यांना विकू द्या. २,००० जीपीची लूट आली की २०० जीपी जास्त, तेही सगळ्या गटाला. आणि साहसावर गेल्याशिवाय लूटच येत नाही, त्यामुळे घरी बसण्याचा प्रश्न मिटतो.

नकाशेवाला

हे पटण्यासारखं आहे, पण भोक बुजवा. जादूची वस्तू बनवायला किमतीच्या निम्मा खर्च आणि दर १,००० जीपीला एक दिवस. विक्री ६० टक्क्यांना झाली की विझार्ड (जादूगार) रोज १०० जीपी छापतो. ३.५ मध्ये किमतीच्या पंचविसाव्या भागाइतका एक्सपी (अनुभवाचे गुण) जातो, तो तरी आवर घालतो. पहिल्या पाथफाइंडरने (३.५ वरूनच बनलेल्या खेळाच्या पहिल्या आवृत्तीने) तो एक्सपी काढून टाकला. तिथे हे यंत्र थांबतच नाही. सवलत फक्त सापडलेल्या मालाला, गटाने बनवलेल्याला नाही, असं लिहूनच ठेवावं लागेल.

दोन-रँक

कमाई वाढवण्यापेक्षा कौशल्याची किंमत कमी करा. पाथफाइंडर अनचेन्ड या पुस्तकात (२०१५) दर लेव्हलला दोन बॅकग्राउंड रँक वेगळे मिळतात. ते प्रोफेशन, क्राफ्ट, परफॉर्म असल्या कौशल्यांतच घालता येतात. स्पॉटचं (तिथे पर्सेप्शन) काही कापलं जात नाही, म्हणजे धागाकर्त्याची मूळ तक्रारच उरत नाही.

पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत बॅकग्राउंडसोबत (पात्राच्या पूर्वायुष्यासोबत) एक लोअर कौशल्य (एखाद्या विषयाची जाण) फुकट मिळतं आणि त्यावर कमाई करता येते. पहिल्या लेव्हलच्या कामाचे दिवसाला चांदीची २ नाणी, पाचव्याला ९, एक्सपर्ट (त्या कौशल्यात वरच्या पायरीचे) असाल तर १ जीपी. महिनाभर राबून ३० जीपी. पाचव्या लेव्हलला गटाचा एकूण खजिना १,३५० जीपी धरलेला असतो. काम किती वरच्या लेव्हलचं मिळेल हे गावावर अवलंबून, त्यामुळे दोरी जीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) हातात. यात कुणी श्रीमंत होत नाही आणि व्हायची गरजही नाही.

भट्टीवाला (धागाकर्ता)

सूत्र मागे घेतो, वेळेचा मुद्दा बिनतोड आहे. पण "गरज नाही" हे मान्य नाही. फुकट दिलेलं कौशल्य खेळाडू पात्राच्या कागदावर लिहितात आणि विसरतात.

नवीन मांडणी: दर लेव्हलला एकच कंत्राट, आठवड्यांशी संबंध नाही. कमाईची कमाल मर्यादा त्या लेव्हलच्या अपेक्षित वाढीच्या १० टक्के. नवव्यातून दहाव्यात जाताना १,३०० जीपी. डीसी १५ + लेव्हल. नवव्या लेव्हलला १२ रँक आणि विस्डमचे ५ धरून टेक टेनने २७ येतात, डीसी आहे २४. यश मिळालं तर पूर्ण रक्कम, ५ च्या आत चुकलं तर निम्मी, त्याहून चुकलं तर काही नाही. कंत्राट पुरं करायला साहसातलीच एखादी गोष्ट लागेल: खाणीतलं खनिज, दलदलीतली वनस्पती, बुडालेल्या जहाजाचा नकाशा.

नकाशेवाला

कंत्राट साहसाला जोडलंत, हे चालेल. माझी अट एकच: हे १,३०० तक्त्याच्या वर नकोत. जीएमने तेवढा खजिना गुहेतून कमी ठेवावा.

भट्टीवाला (धागाकर्ता)

मग गटाच्या वाट्यातून कापून एकाला दिल्यासारखं होईल, आणि बाकीचे तिघे कंत्राट घेणाऱ्या लोहाराकडे रागाने बघतील. कापायचंच असेल तर निम्मं कापा.