चर्चा: गेममधला पाप-पुण्याचा मीटर हवाच कशाला?

खाडीकाठ (रत्नागिरी)
फॉलआउट ३ हा व्हिडिओ गेम परत लावलाय. मेगाटन गावाच्या वेशीबाहेर एक भिकारी बसतो. त्याला शुद्ध पाण्याची बाटली दिली की कर्मा (गेममधला पाप-पुण्याचा हिशोब) वाढतो. म्हणजे गावभर चोऱ्या करा, मग याला पाणी पाजत बसा, झालं पाप साफ! मास इफेक्ट २ मध्ये वेगळीच रड. पॅरागॉन (सज्जनपणाचे गुण) किंवा रेनेगेड (दांडगाईचे गुण) कमी पडले तर संवादातले चांगले पर्याय करडे होऊन बंद. मग लोक पहिल्यापासून एकच बाजू धरतात, समोरचा काय बोलतोय याच्याशी देणंघेणं नाही. माझं मत: मीटर काढून टाका.

सुरमई_फ्राय (मालवण)
अर्धीच गोष्ट सांगतोस रे. त्याच फॉलआउट ३ मध्ये वाईट वागलास तर रेग्युलेटर्स (गुन्हेगारांची शिकार करणारी टोळी) मागे लागतात आणि चांगला वागलास तर टॅलन कंपनीचे भाडोत्री मारेकरी. मोजल्याशिवाय हे जमलं असतं?
आणि १९८५चा अल्टिमा ४ हा गेम बघ. आठ सद्गुण, शेवटी मारायला कोणी महाखलनायक नाही. आंधळ्या दुकानदारणीला कमी पैसे टेकवलेस तर प्रामाणिकपणा घटतो, पण पडद्यावर आकडा दिसत नाही. मोजा की, पण दाखवू नका!

खाडीकाठ
लपवलं तरी गुण देणारा मास्तर एकच ना? फॉलआउट मालिकेतल्याच न्यू वेगसमध्ये (२०१०) प्रत्येक गटाकडे तुमची वेगळी पत असते. आपल्याकडे कसं, खालच्या वाडीत मान आणि वरच्या वाडीत वाळीत! मला ते पटतं. (कर्मा तिथेही ठेवलाय, पण त्याला विचारतो कोण.)

देवगडी
आम्ही दर शनिवारी टेबलावर डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकून, पात्रं वठवत खेळायचा खेळ) खेळतो, म्हणून मध्ये तोंड घालतो. १९७४ साली तिथे पात्राच्या वृत्तीच्या तीनच बाजू होत्या: कायदा, तटस्थ, अराजक. चांगलं-वाईटही जोडलेला नऊ घरांचा तक्ता नंतरचा. नवख्याला 'माझं पात्र इथे काय करेल' हे त्यातून पटकन सुचतं. त्याच खेळावर बेतलेल्या बाल्डर्स गेट ३ या व्हिडिओ गेमने (२०२३) तक्ता काढला, पण पॅलाडिनची (व्रतस्थ योद्ध्याची) शपथ ठेवली. ती मोडलीत की रात्री छावणीत ओथब्रेकर नाइट (शपथ मोडलेला सरदार) जाब विचारायला हजर.

सुरमई_फ्राय
बघ! शपथ मोडली हे ठरवलं कोणी? गेमनेच ना?

खाडीकाठ
ठरवलं गेमनेच, पण ती शपथ मी स्वतः निवडली होती. आणि बाटलीभर पाण्यात ती परत मिळत नाही, त्या नाइटला चांगलं सोनं मोजावं लागतं.

सुरमई_फ्राय
म्हणजे शेवटी पैसेच! तुझ्या भिकाऱ्याने काय घोडं मारलं होतं मग?