तोंडी परीक्षेच्या दारात लघवी लागते, ती नाटकं नव्हेत

रानजाई, सदाशिव पेठ
तोंडीला मुलं वर्गाबाहेर ताटकळत असतात. एखादा पुन्हा पुन्हा बाथरूमकडे निघाला की कुणीतरी खेकसतंच, "नाटकं पुरे." मला याची चीड येते. मध्यमेंदूत पेरिअॅक्विडक्टल ग्रे नावाचा भाग असतो, उंदरात आणि माणसातही. उंदरात त्याची पाठीकडची बाजू विजेने चेतवली की उंदीर सैरावैरा पळतो, पोटाकडची चेतवली की जागीच थिजतो. मूत्राशय किती भरलंय ही खबरही कण्यातून इथेच येते. इथून खाली मेंदूच्या देठातल्या बॅरिंग्टन केंद्राला, म्हणजे लघवी सोडणाऱ्या केंद्राला, इशारा गेला की मूत्राशय आवळतं आणि झडप सैल होते. धोका आणि लघवी दोन्ही एकाच ठिकाणी हाताळली जात असतील, तर त्या पोराला दोष कसला देता?

पाषाणकर
ताई, शेजार आहे म्हणून एकाने दुसऱ्याला ढकललं असं होत नाही. 1973 साली घरउंदरांच्या लघवीचे डाग अतिनील प्रकाशात पाहिले गेले. वरचढ नराने पिंजराभर थेंब टाकले होते, हरलेल्याने कोपऱ्यात मोजक्याच ठिकाणी उरकलं होतं. म्हणजे दबलेला उंदीर आवरून धरतो! सतत मार खाणाऱ्या नर रॅटमध्ये, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदरात, तर लघवी तुंबून मूत्राशय मोठं झालेलं दिसलंय. शिवाय उंदराची लघवी म्हणजे त्याची हद्दीची पाटी. आपल्या पोरांना ते कसं लावणार?

रानजाई
तुंबणं काय आणि लागणं काय, दोन्हीत मुलाच्या मर्जीचा प्रश्न येतोच कुठे? तुमच्या रॅटने मुद्दाम तुंबवून धरली होती का? तणाव मूत्राशयापर्यंत पोचतो, एवढंच मी म्हणतेय.

सिस्टर, येरवडा
वॉर्डात आयुष्य गेलं माझं. भीती, मेंदू सगळं खरं, पण वारंवार लागत असेल तर आधी लघवी आणि साखर तपासा. जळजळ होतेय का विचारा. मुली तर बाहेर स्वच्छ जागा मिळणार नाही म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यांना उंदरांचं काय सांगायचं?

पाषाणकर
सिस्टर, अगदी बरोबर. ताई, मुलांना जाऊ द्यायला माझा विरोध नाहीच, उद्यापासून द्या. फक्त "उंदरांवर सिद्ध झालंय" असं कारण सूचनाफलकावर लावू नका.

रानजाई
लावणार. "सिद्ध" हा शब्द गाळून.